एनिडची राणी

शेफील्ड, मार्च २०२३

प्रिय लाउतारो,

गेल्या जूनमध्ये तू फोन आपटलास, त्यानंतर आपण बोललेलो नाही. मी पुन्हा फोन केला नाही कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. लहानपणापासून तुझी ही खोड आहे. पत्राचं बरं असतं, मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा आता निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. रागावायचं असेल तर शेवटी रागाव. तू फोनवर म्हणालास, “वलपरायसोच्या गोदी कामगाराची पोर, नवऱ्यानं तुरुंगात मार खाल्ला, आणि तू म्हातारपणी राणीच्या आरत्या ओवाळतेस?” मी आरत्या ओवाळल्या नाहीत. मी सँडविचं कापली. तो फरक काय, तेच तुला सांगायचंय.

तुला एनिडबद्दल मी तुकड्यातुकड्यानं लिहीत आलेय, पण ही शेजारीण मुळात माझ्या आयुष्यात कशी आली ते कधी लिहिलं नाही. सत्त्याहत्तरचा उन्हाळा. आम्हाला इथं येऊन दोन वर्षं झाली होती. आपल्याकडे सत्ता बळकावलेल्या जनरलच्या तुरुंगातून सुटलेला रामीरो रात्री दचकून उठायचा आणि मी चाकूसुऱ्यांच्या कारखान्यात पाती घासायची. राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली म्हणून गल्लीगल्लीत मेजवान्या चालल्या होत्या. एका सकाळी दार वाजलं. दारात केस कुरळे करायच्या नळ्या लावलेली बाई. म्हणाली, “टेबलं कमी पडतायत. तुमचं द्याल का?” रामीरोला तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होतं, पण हे वाक्य त्यानं पाठ करून ठेवल्यासारखं म्हटलं, “राणीसाठी आमच्या घरातून टेबल मिळणार नाही.” एनिडनं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “अहो, राणी कुठं येतेय? तिला काय इथला पत्ता माहितीय? पोरं बसणारेत जेवायला.” रामीरो हसला, लाउतारो. चिली सोडल्यावर मी त्याला पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. टेबल त्यानं स्वतः उचलून बाहेर नेलं. आम्ही दोघं मात्र घरातच बसलो, पडदे ओढून. संध्याकाळी एनिडनं टेबल धुऊन पुसून परत आणलं आणि त्यावर जेलीचा मोठा वाडगा ठेवला. “पडद्याआडून बघत होता ना? मग भूक लागली असेल,” म्हणाली.

तिथून सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. राणीवरून आम्ही जेवढ्या भांडलो तेवढी मी रामीरोशीही भांडले नसेन. मी म्हणायचे, एका घराण्यात जन्मली एवढंच तिचं कर्तृत्व. ती म्हणायची, “मग तुमच्या जनरलचं काय कर्तृत्व होतं?” मी म्हणायचे, जगभरातल्या कितीतरी हुकूमशहांना तिनं चांदीच्या ताटात जेवायला वाढलंय. त्यावर ती म्हणायची, “वाढलंय खरं. पण तिच्या घशाखाली ते गेलं असेल असं वाटतं तुला?” तू मला टपाल तिकिटांवरून चिडवायचास, आठवतं? ‘तुझ्या पत्रावर देशाचं नावसुद्धा नाही, नुसतं बाईचं मुंडकं.’ खरंच आहे ते. इथल्या तिकिटावर देशाचं नाव नसतं. पण मी एक गोष्ट बघत आले. आपल्याकडे भिंतीभिंतीवर तो जनरल होता, सतरा वर्षं तसाच, एक सुरकुती वाढली नाही. इथल्या नाण्यांवरची ही बाई मात्र दर काही वर्षांनी म्हातारी होत गेली. गाल उतरले, हनुवटीखाली कातडी लोंबली, आणि टांकसाळीनं ती तशीच कोरली. बाजारात सुटे पैसे हातात घेताना मला वाटायचं, चला, हिचंही आपल्यासारखंच चाललंय. हे प्रेम नव्हे. एका बसथांब्यावर वर्षानुवर्षं दिसणाऱ्या बाईबद्दल जे वाटतं ते.

आणि अठ्ठ्याण्णव साल तर तू विसरला नसशील. जनरलला लंडनमध्ये अटक झाली आणि आम्ही इथले सगळे चिलीवाले बस करून निघालो, तो जिथं उपचार घेत होता त्या दवाखान्यासमोर उभं राहायला. पहाटे बसजवळ पाहते तर एनिड उभी. डोक्याला रुमाल, हातात चहाचा मोठा थर्मास. मी म्हटलं, “एनिड, तुला काय करायचंय तिथं?” म्हणाली, “रामीरोला ज्यानं असं केलं तो माझ्या देशात अंथरुणात लोळत कॉफी पितोय, आणि मी घरी बसून स्वेटर विणू?” दिवसभर ती आमच्यात उभी राहिली. स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, पण गायब केलेल्या माणसांची नावं आम्ही एकेक करून पुकारायचो तेव्हा मागून ‘हजर!’ असं ओरडायचं असतं, हे तिला कुणी तरी सांगितलं. शेफील्डच्या हेलात ती इतकी ओरडली की परतताना आवाज पार बसला होता. रामीरोनं तिच्या खांद्यावर आपला कोट घातला. त्या बसमध्ये राजाराणी मानणारी ती एकटीच होती, आणि सगळ्यात जास्त ओरडलेलीही तीच.

आता जूनचं ऐक. राणीला गादीवर सत्तर वर्षं झाली, पुन्हा गल्लीत मेजवानी ठरली. दर वेळी सगळं एनिड करते. या वेळी महिनाभर आधी ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, “ओरी, हे तूच करायचंस. बाकीच्यांना नुसत्या पताका लावता येतात. तुला माणसं बसवता येतात.” मी म्हटलं, “गल्लीत राणी न मानणारी मी एकटी, आणि मलाच सांगतेस?” म्हणाली, “म्हणूनच. तू मधेमधे रडणार नाहीस.” मी केलं. टेबलं जमवली, कोंबडीची सँडविचं केली, आपल्या सारण भरलेल्या एम्पानादा तळल्या, त्या सगळ्यांच्या आधी संपल्या. शेवटी मला पेला उंचवायला सांगितला तेव्हा मी म्हटलं, “या गल्लीसाठी!” तर चाकाच्या खुर्चीतून एनिड ओरडली, “आणि राणीसाठी, लबाडे!” सगळे हसले. मी पेला ओठाला लावला. कुणासाठी लावला हे माझं मी ठरवलं. तुला फोनवर हे सांगत होते तर निम्म्यातच तू फोन आपटलास.

मग सप्टेंबर आला. आपलं नवं संविधान मतदानाला लागलं. मी लंडनला जाऊन मत दिलं. इतक्या वर्षांनी परदेशातून मत देता येतं म्हणून केंद्रासमोर उभ्या उभ्या मला हसू आवरत नव्हतं. बाहेरच्या मतदारांत आपण जिंकलो आणि घरी हरलो, आणि तेही किती वाईट रीतीनं. तू फोन करशील असं मला वाटलं होतं. तुझाही तिकडे जीव तुटत असेल हे कळत होतं, म्हणून मी वाईट वाटून घेतलं नाही. सोमवारी सकाळी एनिड काठी टेकत आली. बटाट्याचं सूप घेऊन. “रेडिओवर ऐकलं. तुमचे हरले. वाईट झालं गं.” बस्स, एवढंच. माझ्या स्वयंपाकघरात ती दुपारपर्यंत बसून राहिली.

आणि त्याच गुरुवारी राणी गेली. आता जायची पाळी माझी होती. मी गेले तेव्हा एनिड टीव्हीसमोर बसली होती, अंगावर नुसता गाउन. म्हणाली, “माझी आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते. मूर्खपणाच की नाही?” मी म्हटलं, “नाही.” आणि मला खरंच तसं वाटलं. तिच्या लग्नात, तिच्या बाळंतपणात, नवरा खाणीत दगावला त्या वर्षी, दर वर्षी नाताळला दुपारी रेडिओवरून, टीव्हीवरून तीच बाई तिच्याशी बोलायला यायची. सत्तर वर्षं एकच आवाज कानावर पडला तर तो बंद झाल्यावर घर रिकामं वाटणारच. पण मी तुझीच बहीण आहे. दुसऱ्या दिवशी नव्या राजाचं नाव सगळीकडे ऐकलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, “एनिड, याला राजा करायचा का, हे तुला कुणी विचारलं का गं?” म्हणाली, “नाही. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं.” मी चहा टाकायला उठले. चहा ढवळता ढवळता ती स्वतःच म्हणाली, “पण विचारायला हवं होतं, एवढं तुझं बरोबर आहे.”

त्या एका वाक्यासाठी मी पंचेचाळीस वर्षं भांडले, लाउतारो. आणि ते तिच्या तोंडून आलं त्या क्षणी मला माझी गंमत वाटली. समजा उद्या या देशानं खरंच विचारलं, तर मला कुणी विचारणारच नव्हतं. इथं मी कारखान्यात राबले, दोन पिढ्यांच्या पोरांना शाळेत स्पॅनिश शिकवलं, इथंच रामीरोला मातीत ठेवलं. पण आमच्या गल्लीतला कचरा कुणी उचलायचा हे ठरवणाऱ्या माणसालासुद्धा मी कधी मत दिलं नाही, कारण त्यासाठी इथलं नागरिक होऊन शपथ घ्यावी लागते, आणि ती शपथ राणीशी निष्ठेची होती. आता ती राजाची आहे, आणि त्याच्या वारसांची. एनिडला हे बोलले तर ती म्हणाली, “मग घे की शपथ. आणि ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी जाऊ दोघी हात धरून. तू नाही म्हण, मी हो म्हणते. येताना मासे आणि बटाटे खाऊन येऊ.”

म्हणून हे पत्र. मी अर्ज केला होता, तो मंजूर झाला. एप्रिलच्या अखेरीस नगरभवनात मला शपथ घ्यायला बोलावलंय. आपलं चिलीचं नागरिकत्व जात नाही, तेवढी मी खात्री करून घेतली. हे तुला तुझ्या मुलांकडून कळावं असं मला वाटत नव्हतं. तू चिडशील हे धरूनच मी लिहायला बसले, आणि तरीही लिहितेय, कारण मी चुकत नाहीये असं मला अगदी ठामपणे वाटतं. देवाच्या नावाशिवायचे शब्द मी निवडलेत, बाकी सगळे स्पष्ट आणि मोठ्यानं म्हणणार. सोबत दोन माणसं आणता येतात. एक एनिड. दुसरा तू ये. आयुष्यात एकदा हा देश बघ, त्यांचं राष्ट्रगीत वाजेल तेव्हा खुशाल बसून राहा, एनिडला मी सांगून ठेवलंय. ती म्हणाली, “बसू दे त्याला, पण माझ्या घरचा चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही.” ये, लाउतारो. त्या दालनात मी ते शब्द उच्चारीन तेव्हा त्यांतला कुठला मी मनापासून म्हणाले आणि कुठला नुसता ओठांनी, हे ओळखणारं तुझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

तुझीच,
ओरियाना