दहापैकी दहा

गुरुजी, तीर्थपुरीच्या शाळेत तुम्ही शुद्धलेखन घालायचात, तेव्हा नापास होऊन माझ्याच वर्गात आलेल्या दादाला मी ओठांनी वेलांट्या सांगायचो. एकदा खडू खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "तू गप. त्याची चूक मला दिसू दे." पुढं तुम्ही गेलात, नववीत मी शाळाही सोडली, पण ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकू देत नाही.

दादाला रक्ताचा कॅन्सर झाला. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात त्याच्याच रक्तातल्या पेशी काढल्या, बदलल्या आणि परत सोडल्या. त्या पेशींचा मेंदूलाही त्रास होऊ शकतो, म्हणून सिस्टर सकाळ-संध्याकाळ खाटेशी यायच्या. महिना कोणता, हे काय, शंभरापासून दहा-दहा कमी करत मोजा, एक वाक्य लिहा. दहापैकी मार्क. दादा रोज तेच लिहायचा, "माझं गाव तिर्थपूरी हाय." पहिल्याच दिवशी मी दुरुस्त करायला गेलो, तर सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या, मला त्यांचंच अक्षर बघायचंय." दादा हसला, "परीक्षा माझी अन् घाम ह्याला! बचपनपासून असाच हाय ह्यो."

पाचव्या सकाळी सिस्टर पेन दाखवतात. दादा पेनाकडे बघतो, मग माझ्याकडे. माझे ओठ हलतात. "पेन," दादा म्हणतो. वाक्य वाकडं येतं, पण येतं. दहापैकी दहा. सिस्टर जातात आणि मला तुमचा खडू ठेवल्याचा आवाज ऐकू येतो. मी धावत जाऊन सांगितलं, "सिस्टर, पेन मी सांगितलं." त्या रागावल्या नाहीत. परत आल्या, माझ्याकडे पाठ करून मधे उभ्या राहिल्या आणि घड्याळ दाखवलं. दादाला त्याचं नाव सांगता आलं नाही. कागदावर नुसत्या रेघा. डॉक्टर आले, इंजेक्शन सुरू झालं. तीन दिवसांनी कागदावर पुन्हा "तिर्थपूरी" उमटलं, दोन्ही चुकांसकट, आणि मी संडासात जाऊन रडलो.

आता आम्ही घरी आहोत. मी अजून त्याला महिना विचारतो. "पुन्हा इचारून राह्यला का? बिलकुल येडा हायस," तो म्हणतो. ती सकाळ त्याला आठवत नाही. घरी सगळ्यांना मी लगेच धावलो असंच सांगितलंय. लगेच नाही, गुरुजी. दहापैकी दहा पडले म्हणून मी आधी खाली जाऊन चहा पिऊन आलो होतो.