पत्रिकेत राहून गेलेलं नाव

टिटवाळा,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप विश्रामदादास,
धाकट्या स्वानंदचे शिरसाष्टांग नमस्कार.

तू धडधाकट आहेस, दोन्ही वेळ नीट जेवतोस आणि दुकानात अजून त्याच खुर्चीत बसतोस, असं वहिनीकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. तू गेल्याची बातमी मी पसरवली असं नौपाड्यात बोललं जातंय, ते खरं नाही. ती माझ्यामुळे पसरली, एवढंच. यात फरक आहे आणि तो समजावून सांगायला हे पत्र. (फोन तू उचलत नाहीस. एका परीने बरंच आहे. मी पहिल्या वाक्यालाच रडलो असतो आणि तू ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून ठेवून दिला असतास.)

दोन वर्षांपूर्वी ऐन दसऱ्याला, छपाईच्या यंत्राची पूजा झाल्या झाल्या, मी ‘उद्यापासून दुकानात येत नाही, चित्रं काढणार’ म्हणालो. तू पेढा तोंडाशी नेता नेता थांबलास आणि म्हणालास, ‘चित्रं रविवारी काढतात.’ तेव्हापासून मी आठवड्याचे सातही दिवस रविवार पाळतोय. शिकवायला कोणी नाही. मोबाइलवर बघायचं, कल्याणला काळ्या तलावाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं आणि दुकानातून आणलेल्या चुकलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर रेघोट्या मारायच्या. (एका बाजूला माझी बदकं, दुसऱ्या बाजूला ‘चि. सौ. कां.’ बदकांपेक्षा ती बाजू अजूनही बरी दिसते.) तुझी भावजय हेमांगी पहिलं वर्ष काहीच बोलली नाही. दुसऱ्या वर्षी टर्पेंटाइनच्या वासामुळे तिने देव बेडरूममध्ये हलवले. माझ्या कलेवरचा तिचा अभिप्राय एवढाच.

शेवटी बावीस चित्रं जमली आणि प्रदर्शनासाठी डोंबिवलीत एका मंगल कार्यालयाच्या वरचा छोटा हॉल तीन दिवस घेतला. निमंत्रण मी स्वतः लिहिलं आणि तिथेच घात झाला. सव्वीस वर्षं लग्नपत्रिका लिहिलेल्या हाताला दुसरं काही येतच नाही रे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून सुरुवात झाली, सहकुटुंब सहपरिवार झालं, उद्घाटनाची वेळ सायंकाळी सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं पडली आणि खाली निमंत्रकांची नावं आली. मी, हेमांगी, आमची वल्लरी. तू नाहीस. आता बघ, ‘घरातल्या मोठ्यांची नावं दोनदा वाचून घ्या’ ही दुकानातली पाटी मीच रंगवलेली. एका मामाचं नाव राहिलं म्हणून मांडवात बोलाचाली झालेल्या आपण दोघांनी मिळून निस्तरल्यात. तू तर प्रत्येक प्रूफ शेवटच्या ओळीपासून वर वाचत जातोस, कारण वरून वाचलं की सरावलेला डोळा चूक गिळून टाकतो. मी वरून वाचलं.

पहिल्याच संध्याकाळी भाऊ आले. आपले खाडीकाठचे जमिनीवाले भाऊ, पाचही मुलांच्या पत्रिका आपल्याकडे छापलेले. सोबत बायको गोदाबाई आणि घरची तेरा माणसं, सगळी जरीच्या कपड्यांत. भाऊंनी हॉलभर नजर फिरवली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “शेट, नवरी कंची?” लग्न नाही, चित्रं आहेत, जेवणही नाही, हे कळल्यावर दुसरा कोणी निघून गेला असता. भाऊ माझ्या मिठागराच्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले. “पानी निलं केलंस. मीठ धराया लागलं का पानी तांबरं दिसतं. माझा बापूस त्यातच उभा असायचा.” दोन वर्षांत मला कोणी काही शिकवलं असेल तर हेच. (ते चित्र मी उतरवलंय. पाणी तांबडं करतोय.)

कोपऱ्यात तुझं चित्र होतं. हो, तुझं. त्याबद्दल सांगायची लाज वाटते. सव्वीस वर्षं आपण एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, पण काढायला घेतलं तर तुझ्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे की उजवीकडे हे मला आठवेना. डोळे तर अजिबातच आठवेनात. मी तुझ्याकडे कधी बघितलंच नाही दादा. गिऱ्हाईक बघितलं, घड्याळ बघितलं, इथून कधी एकदा सुटतो ते बघितलं. शेवटी मान खाली घालून प्रूफ वाचणारा दादा काढला. टक्कल मात्र हुबेहूब जमलं.

भाऊंनी टकलावरूनच ओळखलं. मग खिशातून पत्रिका काढली, चष्मा लावला आणि नावं पुन्हा वाचली (आपल्याकडे पत्रिकेत आधी नावंच वाचतात). थोरल्या भावाचं पत्रिकेत नाव नाही आणि तो फ्रेममध्ये भिंतीवर! नवरा-बायकोने काय समजायचं ते समजून घेतलं. गोदाबाईंनी केसांतली वेणी काढून तुझ्या फ्रेमला घातली आणि तेराच्या तेरा माणसांनी हात जोडले. मी तेव्हा दाराशी होतो. लांबून वाटलं, कलेला दाद मिळतेय. माझे डोळे भरून आले. ते पाहून उरलीसुरली शंकाही फिटली. गोदाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी, मूर्ख, त्यांना ‘आशीर्वाद असू द्या’ म्हणालो.

पुढचं तुला माहीत आहे. भाऊंकडून बातमी गावभर झाली, तुझा फोन खणखणत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी टेंभी नाक्याचे राघोकाका पांढरी टोपी घालून सांत्वनाला आले तर दार तूच उघडलंस. वहिनी म्हणाली, सगळ्यांशी तू नीट बोललास, राघोकाकांना चहा पाजलास. फक्त माझं नाव निघालं की उठून आत जात होतास. त्या तीन दिवसांत माझी सहा चित्रं विकली गेली. तू आला नाहीस म्हणून ती गेल्याचा आनंद मला होऊ शकला नाही, हेही लिहून टाकतो.

वहिनीला नमस्कार. गुडघे सांभाळ.

तुझा,
स्वानंद

ता. क. वेणी मी त्याच संध्याकाळी काढली. हेमांगीने मीठमोहऱ्यांनी तुझ्या चित्राची दृष्टही काढली. काळजी नसावी.

ता. क. एक मागणं आहे. मंगळवारी दुकानात येऊन माझ्या जुन्या खुर्चीत तासभर बसू दे. तू बोलू नकोस, कामही थांबवू नकोस. फक्त दोनदा मान वर कर.

ता. क. नाव चुकून राहिलं नव्हतं. सगळ्यात वर तुझंच लिहिलं होतं. मग तुझं ‘चित्रं रविवारी काढतात’ आठवलं आणि मी नाव खोडलं.

ता. क. हेही पत्र तू प्रूफासारखं खालूनच वाचायला घेशील, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तुझ्यासाठी पत्र इथून सुरू होतं. दादा, माझं चुकलं.