रमचा वास

१६ नोव्हें., रवि.
मॅडमना भेटून आलो. अंधेरीत त्यांचा नवा कॅफे, फक्त जर्मन केक आणि पेस्ट्री. म्हणाल्या, "नाताळचा श्टॉलन करून दाखव. पटला तर किचन तुझं." हॉटेलातून काढल्यापासून पहिल्यांदा कुणी मला काही कर म्हणालं. भांडुपात कोण खाणार श्टॉलन, रममध्ये भिजवलेल्या फळांचा तो मुरवायचा जर्मन केक? इथे ब्लॅक फॉरेस्ट म्हणजे डालड्याचं क्रीम आणि वर लाल चेरी.
मनुके, बेदाणे, संत्र्याची साल रममध्ये भिजत घातली. बरणी तांदळाच्या डब्यामागे. तिथे गार असतं.

२७ नोव्हें., गुरु.
वाट लागली. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, डोक्यातच नाही आलं. घट मांडायचा म्हणून आईने पहाटे सगळं स्वयंपाकघर धुवायला काढलं. बरणी उघडली, वास घेतला आणि मोरीत ओतली. फळांसकट.
"आई, ती रम केकसाठी होती गं!"
"ह्यो वास माका शिकव नको. तुझ्या बापाशीन माझो जल्म ह्याच वासात घालवल्यान."
तिला वाटतंय नोकरी गेली म्हणून मी लपून पितोय. मी उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही. ओरडलो. घटासमोर ओरडलो. सुजाता डबा घेऊन कामावर निघून गेली. बायकोने भांडण तरी केलं असतं तर बरं.

१ डिसें.
संत्र्याच्या रसात भिजवून केला. आत बदामाचा गोळा, वरून लोणी, मग पिठीसाखर. दिसायला झकास. पण रमशिवाय हा मुरणार नाही. मला कळतंय, तरी...

७ डिसें., रवि.
मॅडमनी एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला नाही. "केक छान आहे. श्टॉलन नाहीये. रम कुठाय?"
आईचा मार्गशीर्ष आहे, हे सांगायची लाज वाटली. विसरलो म्हणालो. पंचवीस वर्षं भट्टीपुढे काढलेला माणूस रम विसरतो! त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.
"एकवीसला परत आण. त्यानंतर मी दुसरा माणूस घेतेय."

८ डिसें.
आईला सगळं सांगितलं. हे काम गेलं तर मला दुसरं काही येत नाही, हेही. रडलो. तिच्यासमोर, या वयात.
तिने सोलायचे वाल बाजूला सारले. मग म्हणाली, "हाड, घेवन ये ती बाटली. पण माझ्या डोळ्यांसमोर ओत. ती फळांनी पियाची, तू नाय."
गुरुवारी बरणी गॅलरीत ठेवायची, एवढीच अट.

११ डिसें., गुरु.
उद्या भाजायचा, म्हणजे मुरायला थोडे दिवस तरी मिळतील. बरणी गॅलरीत. आईने पूजा आटोपली आणि स्वतःच जाऊन झाकण घट्ट आहे का बघून आली. नाकाला पदर.

१९ डिसें.
कापडात गुंडाळलेला श्टॉलन रोज हुंगतो. कधी वाटतं जमलाय, कधी वाटतं घाई झाली. सुजाताने विचारलं, "नाहीच झालं तर काय रे?" मी उठून गेलो.

२१ डिसें., रवि.
मॅडमनी खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. मग म्हणाल्या, "आणखी एकाचा चाखायचाय. मंगळवारी कळवते."
आणखी एकाचा.
उरलेली रम पिशवीत होती, कॅफेत द्यायला नेली होती. दिली नाही. परत येताना नाल्याशी ओतून टाकायला थांबलो. झाकणभर तोंडात घेतली. चव बघायला, असं लिहिणार होतो. खोटं. नंतर आणखी घेतली. जळजळ झाली आणि बरं वाटलं. बरं वाटलं याचीच भीती वाटतेय.
आई दारातच. "काय म्हणाली रे ती बाई?"
तोंड न उघडता दोन बोटं दाखवली, दोन दिवसांनी, मंगळवारी.
"तोंडान सांग मरे."
बाथरूममध्ये बसून लिहितोय. चार वेळा चूळ भरली. नळ सोडून ठेवलाय. आई दाराबाहेर उभी आहे. आत शिरताना पाहिलं, तिने पदर नाकाला लावला होता.