अर्धी कावड

बाबा, नळावरून तुम्ही कावड घेऊन येताय आणि मी मागून रिकामी गुंडी वाजवत चालले आहे. अंगण झाडून झालं आहे, आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, आणि बांबूच्या दोन टोकांना तेलाचे दोन पिपे काठोकाठ भरलेले आहेत. तुम्ही नुकतेच फौजेतून पेन्शनवर आला होता. मोहल्ल्यातल्या बाया पदराआड हसत, एवढा बंदूकवाला माणूस अन् पाणी भरून राहिला. तुम्हाला त्याचं काही वाटत नसे. त्या दिवशी अर्ध्या वाटेवर तुम्ही कावड माझ्या खांद्यावर दिली आणि बिडी पेटवायला थांबलात. वाटेतल्या म्हाताऱ्या काकूंच्या रांजणात पुढच्या पिप्यातलं अर्धं पाणी ओतायचं, हा आपला रोजचा नेम होता. मी तो पाळला. पण पुन्हा कावड उचलली तशी ती मागे कलंडली. मला जे सुचलं ते मी केलं. मागच्या पिप्यातलं पाणी नालीत ओतलं, दोन्ही पिपे बरोबर होईपर्यंत.

"पाणी काहून सांडलं वं?"

"एक बाजू जड झाली होती बाबा. बराबर करून राहिली होती."

"जड झाली तं खांदा सरकव ना. पाणी कायले फेकतं?"

मग तुम्ही बांबू माझ्या खांद्यावर वीतभर पुढे ढकललात. जड पिपा पाठीजवळ आला, हलका लांब गेला आणि कावड सपाट झाली. "भरलेली कावड कोणीही नेते," तुम्ही म्हणालात. "अर्धी नेता आली पाहिजे." मला तेव्हा रडू आलं होतं. काकूंच्या दारात, सगळ्यांसमोर बोललात म्हणून. पाण्याचं मला काहीच वाटलं नव्हतं.

हे आता तुम्हाला सांगते आहे, कारण आमचा पाऊच पास झाला. पाऊच म्हणजे शिपायाच्या कमरेला गोळ्यांची मॅगझिनं ठेवायला असते ती पिशवी. हिंगण्याला एका शेडमध्ये आम्ही बाया असले पट्टे आणि पाऊच शिवतो. मी तिथे लागले ती तुमच्यानंतर, त्यामुळे तुम्हाला माहीत नाही. मशीन निवारीच्या जाड विणलेल्या पट्टीवर चालवायला हात लागतो आणि माझा हात चांगला आहे, एवढं आता मी स्वतःच म्हणते.

तुमचं आणि तुमच्या जावयाचं भांडण मला रोज आठवतं. भांडण कसलं, दर रविवारचं जेवणच ते. तुम्ही जुन्या रायफलवाले, सेवन सिक्स टूचं जाडं काडतूस. हे तुमच्यानंतरच्या फौजेतले, यांच्या हातात बारीक काडतुसाची नवी रायफल. सुट्टीवर आले की आधी तुमच्या पाया पडायचे आणि मग सुरू.

"मामाजी, तुमच्या एका गोळीच्या वजनात माह्या दोन येतात. तेवढंच ओझं, अन् गोळ्या दुप्पट."

"दुप्पट नेता अन् दुप्पट उडवता, जवाईबुवा. आमची एक लागली का समोरचा उठत नव्हता."

"लागली तं ना."

"काहून नाही लागणार? आम्ही मोजून मारत होतो. तुमच्यासारखं शेंगदाणे फेकल्यावानी नाही."

आई वरणाची पळी हवेत धरून म्हणायची, "तुमचे मुर्दे पाडणं झालं असंल तं जेवा. वरण थंडं होऊन राहिलं." मी भाकरी वाढायची. कोण बरोबर हे मला कोणी विचारलं नाही आणि खरं तर तेव्हा मला मतही नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की यांच्या उजव्या कमरेवर हाडाच्या जागी एक काळा डाग आहे, म्हशीच्या मानेवर जुवाचा असतो तसा घट्ट. सुट्टीत मी त्याला खोबरेल लावत असे. हा कशाचा म्हणून विचारलं, तर म्हणाले, "डाव्या हातानं डावीकडचं मॅगझीन पटकन निघते. डावं आधी संपते. मंग उजवं एकटंच लोंबकळत राहते अन् धावताना हाडावर बसते." दुप्पट गोळ्या नेणारा माणूस हे तुमच्यासमोर कधी बोलला नाही, बाबा. तुमच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ होता, तोही तुम्ही शर्टाखालीच ठेवला. जिंकायचं दोघांनाही होतं.

तुम्ही गेलात. मग बऱ्याच वर्षांनी हे गेले, घरातच, चहाचा कप हातात असताना. त्यानंतर मी वाचायला लागले. सातवीनंतर शाळा सुटलेली बाई मी, आधी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत असे, मग विहारामागच्या वाचनालयात जायला लागले. बंदुकांवरचं मिळेल ते वाचलं, कारण तुमच्या दोघांचे आवाज मला तिथेच ऐकू येत. आपल्या घरातलं भांडण साऱ्या जगातल्या फौजांत चाललं होतं हे तिथे कळलं. मोठी गोळी लांब जाते आणि जोरात बसते. लहान गोळीचा धक्का कमी आणि ओझं कमी. डोंगरात एक बरी वाटते, दाट झाडीत दुसरी. कुणाकडेच शेवटचं उत्तर नाही. आणि एके दिवशी पेपरात वाचलं की आपल्या पायदळातल्या कितीतरी पलटणींना पुन्हा जाड काडतुसाची रायफल मिळते आहे. मी मोठ्यानं हसले. समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली केला.

"काय झालं, ताई?"

"माझे बाबा जिंकले."

"कशात?"

"जेवताना," मी म्हटलं. ते पुन्हा पेपरात गेले.

पण गोळी जड झाली की मॅगझीन जड होतं, आणि मॅगझीन जड झालं की पाऊच आमच्याकडे येतो. नव्या रायफलीसाठी आम्ही पहिला नमुना पाठवला तो परत आला. भरलेला असताना ठीक, डावी बाजू रिकामी झाली की उजवी पट्ट्याला ओढते आणि धावताना हाडावर आपटते. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरा नमुनाही परत आला असता तर काम दुसरीकडे जाणार होतं आणि आमची मशीनची पूर्ण रांग घरी बसणार होती. त्या रांगेत कोणाची पोरगी नर्सिंगला आहे, कोणाचा नवरा पीत असतो, कोणी माझ्यासारखी एकटी. आमचे मॅनेजर स्वतः फौजेतून आलेले, माणूस चांगला. ते म्हणाले, "उजवीकडचं एक मॅगझीन कमी करू. झालं बराबर."

मला नालीत पाणी पडल्याचा आवाज आला, बाबा. खरंच आला.

"साहेब, हे पाणी सांडणं झालं," मी म्हटलं. कोणाला काही कळलं नाही. नमुन्यांचं चित्र काढणारी पोरगी, ती कॉलेज शिकलेली आणि डोक्यानं तेज, तिनं मात्र विचारलं, "म्हणजे काय वं मावशी?" मी कोपऱ्यातला झाडूचा दांडा घेतला, दोन टोकांना दोघींच्या डब्यांच्या पिशव्या अडकवल्या आणि खांद्यावर धरला. मग एका पिशवीतला डबा काढला. दांडा कलंडला. दांडा सरकवला तसा सपाट झाला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "पण खांदा तं सरकत नाही मावशी. पाऊचच सरकवावा लागंल." हे माझ्या डोक्यात नव्हतं. ते तिचं.

दोन्ही बाजूंचे पाऊच आम्ही एका सैल पट्ट्यावर घेतले आणि तो पट्टा कमरेच्या पट्ट्यावरून फिरेल असा केला. डावी बाजू संपली की डाव्या हातानं एक फीत ओढायची, उजवीकडचे पाऊच पोटासमोर येतात, आणि उरलेलं ओझं अंगाच्या मधोमध बसतं. पहिल्यांदा पट्टा अर्ध्यातच अडकला. कडेची शिवण आड येत होती. ती उसवून मी निवारीची कड आत दुमडली, टाके खालून घेतले. मग मॅनेजरसाहेबांनी लोखंडाचे तुकडे भरून तो स्वतः बांधला आणि कंपनीच्या बस उभ्या राहतात त्या आवारात पळायला लागले. वय झालं आहे त्यांचं, पोटही आहे. माझ्या शेजारची मशीनवाली ओरडली, "पळा साहेब, लग्नातून नवरदेव पळाल्यावानी पळा." ते हसत होते, धापा टाकत होते, आणि फीत ओढत होते. पाऊच सरकला. आपटला नाही.

शनिवारी चाचणी झाली. एक तरुण शिपाई आला होता, आपल्या भागातला नव्हता. तो धावला, पोटावर पडला, सरपटला, उठला, डावीकडची मॅगझिनं काढून टाकली, फीत ओढली आणि पुन्हा धावला. परत आल्यावर तो चाचणी घेणाऱ्या साहेबांकडे न जाता आमच्याकडे आला. त्यानं पट्ट्यावरून हात फिरवला आणि आम्हालाच विचारलं, "ये हमें कब मिलेगा?" बाबा, माझी मान आयुष्यात कधी एवढी ताठ झाली नसेल. सगळी रांग टाळ्या वाजवत होती. मी त्याच्या उजव्या कमरेकडे बघत होते. त्या हाडावर कोणाला खोबरेल लावावं लागणार नाही.

तुमची गोळी बरोबर का यांची, ते मला अजूनही सांगता येत नाही. पण तुम्ही दोघं ताटावर बसून गोळीबद्दल भांडत होता आणि ओझं मात्र शर्टाखाली लपवत होता. मी त्या ओझ्याचं काहीतरी केलं. रविवारच्या जेवणात मी पहिल्यांदा बोलले असं समजा, आणि जिंकले असंही समजा.

आणखी एक. हे गेले तेव्हा माझी एक बाजू रिकामी झाली आणि दुसरीही ओतून टाकावी असं मला वाटलं होतं. नोकरी सोडून लेकीकडे जाऊन बसणार होते. का गेले नाही ते तेव्हा सांगता आलं नसतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. तुमचा कावडीचा बांबू माझ्याकडेच आहे, त्यावर मी कपडे वाळत घालते. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, नळ आल्यावर मी त्यावरचे वाळलेले कपडे काढून तो खाली घेतला, दोन टोकांना दोन बादल्या बांधल्या आणि दारातल्या नळावर भरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथल्या शेजारणीच्या तुळशीला पुढच्या बादलीतलं अर्धं पाणी घातलं. ती म्हणाली, "काय वं मावशी, घरी पाईप नाही का?" मी बांबू खांद्यावर वीतभर सरकवला आणि परत आले. थोडं सांडलं, बाबा.