माझ्या आवाजातली विहीर

२७ एप्रिल, रवि.
सकाळी भावाच्या मुलीकडे, मेघनाकडे. तिच्या जाहिरात कंपनीला सरकारी योजनांच्या व्हिडिओंचं काम मिळालंय. आवाज वयस्कर, गावाकडचा हवा. "काका, तुमच्यासारखा आवाज शोधून सापडत नाही." फुगलो. कशाला नाही म्हणू.
पंखा बंद, खिडकी बंद, वर डोक्यावरून गोधडी. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून म्हणे असंच करतात. जळगावच्या एप्रिलात. घामाची धार मानेतून कमरेपर्यंत.
आठ वाक्यं. मी शेतकरी, मला विहीर मंजूर झाली, पाणी लागलं, घरात आनंद आहे वगैरे. मी आयुष्यात गॅलरीतल्या तुळशीपलीकडं काही पिकवलेलं नाही. पण बोललो झोकात. शेवटी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काही विचारायचं असंल तर मी इथंच उभा आहे." नोकरीत गावोगाव सरकारी सिनेमे दाखवायचो, सिनेमा संपला की रोज हेच म्हणायचो. मेघना म्हणाली, राहू दे, गोड वाटतं.

२९ एप्रिल
बायकोनं, सुमननं, भाजी चिरता चिरता विचारलं, "तुम्हाला विहीर कधी मिळाली?"
झोंबलं. म्हटलं, सरकारी प्रचाराच्या जीपवर जन्म गेला माझा, दुसरं काय केलं? तेव्हाही दुसऱ्याचंच सांगायचो. ती म्हणाली, "तेव्हा 'मला' म्हणत नव्हता."
सकाळचं वरण छान झालं होतं, असं म्हणून उठलो.
नंतर तो नारळाचा सिनेमा आठवला. धुळ्याला पोस्टिंग होतं तेव्हाचा. सुधारलेल्या शेतीची फिल्म, आणि वरून सूचना की लोकांना सांगा, हे शेजारच्याच तालुक्यातलं आहे. मी माइकवर बिनदिक्कत सांगून टाकलं. पडद्यावर हिरवंगार शेत, हसरा शेतकरी आणि त्याच्यामागं ओळीनं नारळाची झाडं. अंधारातून एक बाई म्हणाली, "हाऊ कोनता तालुका वं माय, जठे नारय लागस?" सगळं गाव हसलं. मीही हसलो, काय करणार. दुसऱ्या दिवशी रिपोर्टात लिहिलं, प्रतिसाद उत्साही. खोटं नव्हतं.

२ मे
व्हिडिओ आला. आवाज माझा, माणूस भलताच. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा, डोळ्यांत पाणी. मेघनाला विचारलं, हे गृहस्थ कुठले? कुठलेच नाहीत. संगणकावर केलेले. असा माणूसच नाही.
सुमन म्हणे, "तुमच्यापेक्षा बरा दिसतो."
पूर्ण ऐकला नाही. गोधडीत बोललेलं काय परत ऐकायचं. दुपारी वाचनालयात दोघातिघांनी आवाज ओळखला. चहा पाजला. दिवस मजेत.

४ मे, रवि.
घाईत लिहितोय, अक्षर खराब.
दगाभाऊचा फोन. शिरपूरच्या पुढचे. जीप त्यांच्या गावात मुक्कामाला असली की जनरेटर त्यांच्या गोठ्यात लावायचो, भाकरी त्यांच्याकडं. सात-आठ वर्षांत बोलणं नव्हतं.
"भाऊ, तुमना व्हिडिओ देखा. चेहरा दुसराना शे, पन आवाज मी वळखा. बरं व्हयनं तुम्ही सांगं. मंगळवारले जेसीबी बलायेल शे. जुनी विहीर बुजी टाकस."
मी म्हटलं, बुजवता? कशाला?
"तुम्हीच ते सांगं. जुनी बुजी म्हनीसन नवी मंजूर व्हयनी."
फोन तसाच ठेवून मेघनाचा व्हिडिओ लावला. शेवटपर्यंत. आठव्या वाक्यानंतर माझा आवाज म्हणतो, "मी जुनी विहीर बुजवली, मगच नवी लगेच मंजूर झाली." माझाच आवाज, माझाच ठसका. 'मगच'वर माझा जोर असतो तसाच जोर. मी हे वाक्य उभ्या जन्मात बोललो नाही. आणि त्याच्या पाठोपाठ, काही विचारायचं असंल तर मी इथंच उभा आहे.
दगाभाऊंना परत फोन. म्हटलं, थांबा, ते मी बोललो नाही, ती विहीर बुजवू नका. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सून सांगस, आजकाल फोनवर कोनी बी कोनाना आवाज काढस. तुम्ही भाऊच शेतस कशावरून?"
आणि ठेवला. नंतर उचलतच नाहीत.
व्हिडिओतला मी खरा. फोनवरचा मी भामटा.

५ मे
मेघनाला गाठलं. आधी समजेना, मग तोंड उतरलं. एकदा आवाजाचा नमुना दिला की त्यातून हवी ती वाक्यं काढता येतात, म्हणे. ते वाक्य तिनं घातलं नव्हतं. तिच्या वरच्यांनी मजकूर "थोडा जोरकस" करायला सांगितला, कोणीतरी केला. योजनेत असा नियम आहे का? तिला माहीत नाही. ज्यानं वाक्य घातलं त्यालाही नसणार.
पोर रडायला लागली. रागावणार होतो, ते राहून गेलं. मीच कुठं मोठा सत्यवादी. "मला विहीर मिळाली" हे तर मी स्वतःच्या तोंडानं बोललोय, गोधडीत बसून, हौसेनं. त्या एका वाक्याला पुढचं वाक्य जोडायला कितीसा वेळ.
व्हिडिओ काढून टाकते म्हणाली. पण लोकांच्या फोनात गेलेला कसा निघणार, ते तिलाही सांगता येईना.
दगाभाऊंची ती विहीर मी पाहिलेली आहे. बांधलेली, चिंचेखाली, मेमध्येसुद्धा तळाला हात-दोन हात पाणी. त्यांच्या वडिलांनी खणलेली. एकदा माती पडली की संपलं. उद्या पहाटेची चोपडा गाडी, तिथून शिरपूर. सुमननं न विचारता दशम्या केल्या.

६ मे, मंगळ.
शिरपुरात गाडीतून उतरलो, रिक्षानं पुढं. रिक्षावाल्याला तीनदा म्हटलं जोरात चालव. तो म्हणाला, काका, हार्ट पेशंट शेतस का?
पोचलो तर जेसीबी चिंचेखाली उभा. मातीचा ढीग काठाला लावून तयार. दगाभाऊ खाटेवर, ड्रायव्हर चहा पितोय. चहा. त्या चहाचे उपकार मानायला हवेत. पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय, याचा विचारच नको.
दगाभाऊंनी मला पाहिलं. उठले. जवळ आले, माझ्या चष्म्यापाशी तोंड आणून बघितलं. मग खांद्याला हात लावून दाबून पाहिला. हाड लागलं असणार.
"भाऊच शे," ड्रायव्हरला म्हणाले. "थांब जरा."
सांगितलं सगळं. संगणक, नमुना, जोडलेलं वाक्य. त्यांना कितपत कळलं माहीत नाही. पण मी जे माझं खोटं होतं तेही सांगितलं, की मला कुठली विहीर मिळालेली नाही, मी वाचून दाखवलं. हे सांगताना मात्र जमिनीकडं बघत होतो.
दगाभाऊंनी टोपी सारखी केली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "माती उचल. बांधवर टाक."
जेसीबीनं ढीग उचलला. मी काठावर जाऊन आत वाकलो. पाणी होतं. खाली बेडूक होते दोन. इतकं हलकं वाटलं की तिथंच काठावर बसलो, आणि सूनबाईंनी पाणी आणून दिलं तर ते पिता येईना, हसूच येत होतं. तिला वाटलं ऊन लागलं.

रात्री मुक्काम तिथंच, त्यांनी जाऊ दिलं नाही. जेवताना धीर करून विचारलं. म्हटलं, दगाभाऊ, इतकी वर्षं तुम्हाला पडद्यावर काय काय दाखवलं. माझं ऐकून कुणाचं काही बुडालं का? खरं सांगा.
"तुमनं आयकीसन?" ते हसायला लागले. सूनही तोंडाला पदर लावून हसली, ती तेव्हा या घरात आलीही नव्हती. "भाऊ, आम्ही शेवटला गाणाना सिनेमासाठे बसूत. पहिले तुमनी फिलम चाले, तवलोंग शेंगा खाऊत."
जन्मभराच्या नोकरीचा हा निकाल. वाईट वाटायला हवं होतं. उलट छातीवरचा धोंडा उतरला. मी कोणाला फसवू शकलो नव्हतो. प्रयत्न केला होता, जमलं नव्हतं.
मग विचारलं, तर या वेळी कसं मानलं?
त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तव्हय बठ्ठा गाव संगे बसे. एक जन म्हने खोटं शे, की बठ्ठा हसेत. आते मी एकला, कानले मोबाइल लाईसन. कोन हसी?" जरा वेळानं, "आनि तुम्ही म्हनात, मी आठेच उभा शे. मी म्हनं, भाऊ उभा शे मंग काय."

७ मे
परत जळगाव. चोपड्यापर्यंत झोप लागली, इतकी की कंडक्टरनं हलवलं. सुमनला सगळं सांगितलं. नारळवाली बाई आज कुठं असेल, ती म्हणाली. ती आपल्या फोनमध्ये असेल, मी म्हटलं, आणि तिला नारळ दिसला तरी सांगणार कुणाला.
एक मात्र लिहून ठेवतो, उगाच जुन्याचे गोडवे नकोत. तेव्हाचे साहेब आत्ताच्यांपेक्षा भले होते असं काही नाही. त्यांच्याकडे एवढं एकच कमी होतं, की माझ्याशिवाय मला बोलायला लावता येत नव्हतं. मी जीपमधून उतरलो की गाव माझ्या तोंडाकडं बघायचं, आणि चेहऱ्यावर खोटं लपवणं मला कधी जमलं नाही. सुमनला विचारा.

११ मे, रवि.
मेघनानं प्रायश्चित्त म्हणून मला खुर्चीत बसवून खरा व्हिडिओ काढला. या वेळी गोधडी नाही, चेहरा माझाच. मी अमुक, राहणार जळगाव, तो विहिरीचा व्हिडिओ खोटा आहे, कोणी जुनी विहीर बुजवू नका. तिनं स्वतःच्या नावानं टाकला. नोकरीवर गदा येईल म्हटलं, तर म्हणाली, आली तर आली, सहा रात्री झोपले नाही, आज झोपेन.
मलाही बरं वाटलं. आता निस्तरेल.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
विहारात वंदना झाली, खीर झाली. खीर वाढताना शेजारचे मोरेसर बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काका, सावध राहा. तुमचा एक बनावट व्हिडिओ फिरतोय. तुमचाच चेहरा लावलाय, आणि सरकारी योजना खोटी आहे म्हणून सांगतोय. सायबरला तक्रार करा. मी दहा ग्रुपवर कळवलंय की हा फेक आहे."
मी खिरीची वाटी खाली ठेवली.
त्यांना म्हटलं, सर, तो मीच आहे. ते समजूतदारपणे हसले. "पण पहिल्यात तुम्ही किती छान बोललात. ह्यात अडखळताय सारखे. लगेच कळतं."
सुमन घरी येऊन मोठ्यानं हसली. मी पण. दोघं हसून हसून थकलो.
दगाभाऊंचा फोन संध्याकाळी. आता ते माझा फोन घेतात, पण आधी एक खूण विचारतात, गोठ्यात जनरेटर कोणत्या खुंट्याशी लावत होतो. डावीकडच्या, म्हटलं की बोलतात. म्हणाले, वरच्या बाजूच्या एका गावात दोघं जण विहिरी बुजवायच्या बेतात आहेत. दगाभाऊंचं ऐकत नाहीत. "तुम्ही उना ते मानतीन."

१५ मे
पहाटेची चोपडा गाडी. या वेळी सुमनही सोबत. म्हणाली, तुमचा भरवसा नाही, तुम्ही खरे की खोटे ते सांगायला कोणीतरी हवं.
शिरपूरहून दगाभाऊ आमच्याबरोबर. जीपनं पुढं. डोंगर जवळ आले तसं ऊन आणखी चढलं. नोकरीत या गावात येऊन गेलो असेन, आठवत नाही.
मारुतीच्या पारावर पंधरा-वीस माणसं. माइक नाही, पडदा नाही. दगाभाऊंनी माझी ओळख करून दिली आणि मी बोललो. अडखळत. एक म्हातारी अगदी पुढं येऊन बसली होती, लखीअक्का म्हणत होते तिला. विहीर तिच्याच लेकाची. माझं बोलणं चालू असताना ती माझ्या ओठांकडं बघत राहिली. मग हात वर करून मला थांबवलं.
"आवाज तोच शे," लोकांना म्हणाली. "पन मोबाइलवाला जास्त बरा बोलस."
सगळे हसले. किती वर्षांनी ते हसणं कानावर पडलं. एकत्र, मोठ्यानं.
मग तिनं विचारलं, "मंग नवी विहीर आम्हले भेटी का नही?"
सुमन माझ्याकडं बघतेय. नोकरीत या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर होतं, प्रस्ताव विचाराधीन आहे. ते ओठांवर आलंही.
म्हटलं, "अक्का, माले माहीत नही."
माझी अहिराणी मोडकीतोडकी. अक्का मग लेकाकडं वळली. "आते पटनं. मोबाइलवालाले बठ्ठं माहीत व्हतं." आणि त्याला म्हणाली, जुन्या विहिरीला हात लावायचा नाही.
दुसऱ्यानंही मान हलवली. चहा आला, आम्ही खाटेवर टेकलो. दगाभाऊंनी टोपी काढून वारा घेतला. मी सुमनला म्हटलं, झालं बाई, सुटलो.
लखीअक्का कप विसळत होती. तिथूनच म्हणाली, "आठला लोके समजी गयात. वर पाडासवर बी तोच व्हिडिओ चालस. तठे कोन जाई?"
दगाभाऊंनी टोपी घातली. परतीची गाडी पाचला आहे. डोंगरातल्या पाड्यांवर गाडी जात नाही, चालावं लागतं.