आतून लावलेली कडी

धाकट्या,

हे पत्र तुला पाठवणार नाही. पण तुझ्या वकिलानं वैताग आणलाय. रोज फोन करून तेच, "भाऊ, कोर्टात एवढंच म्हणा, त्या सकाळी दार उघडंच होतं."

अरे, कसं म्हणू? शेवटचं माणूस घरी येईपर्यंत आपल्याकडे कडी लावत नाहीत. तू सिनेमाला गेलास तरी आई दार नुसतं लोटून ठेवायची. ठकी हरवली म्हणून तू फोनवर रडलास. मी पहिल्या गाडीनं आलो, दार ढकललं, तर आतून कडी. पोर बाहेर आणि बाप कडी लावून आत. घाबरून लावली असेल, अशी मनाची समजूत घातली आणि तिचा फोटो घेऊन तुझ्याबरोबर गल्लोगल्ली फिरलो. शेवटी ती तुझ्याच गच्चीवरच्या टाकीत सापडली.

आता देवापुढे बसलो तरी तू कडी काढल्याचा आवाज ऐकू येतो. नामस्मरणाचंही वाटोळं केलंस.

उद्या माझी साक्ष आहे. कडी होती, असंच सांगणार.

आई अजून दार लोटूनच ठेवते. कुणासाठी, ते विचारायचा मला धीर होत नाही.

काही झालं तरी तुझा,
दादा