दगड इथेच राहतील

मी, ग्रेसी मनवेल बोर्जीस, वय वर्षे बहात्तर, निवृत्त भूवैज्ञानिक, अविवाहित, राहणार उत्तन, भाईंदर पश्चिम, जिल्हा ठाणे, माझ्यामागे माझ्या घराचे, ठेवींचे आणि विशेषतः माझ्या दगडांचे काय व्हावे, हे या कागदावर लिहून ठेवत आहे. मला कोणी समोर बसवून हे लिहून घेतलेले नाही. उलट मी हे लिहू नये म्हणूनच बरीच खटपट झाली. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझ्या डोक्याबाबत.

मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी शाबूत असावी लागते. माझ्या बाबतीत हा प्रश्न माझ्याच घरातून निघाला, म्हणून आधी त्याचा निकाल लावते. माझा भाऊ लिओनार्ड याचा मुलगा मेल्विन मुर्ध्याच्या एका बांधकाम कंपनीत नोकरी करतो. त्या कंपनीला माझे घर हवे आहे, कारण मागच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मी विकायला नकार दिल्यावर मेल्विन गावात सांगू लागला की आत्याचे डोके फिरले आहे, ती दिवसभर दगडांशी बोलत असते.

गेल्या पावसाळ्यात तो एका डॉक्टरांना घेऊन आला. "आत्या, तुझं बीपी बघायला आलेत." डॉक्टर अनिश वैती यांनी बीपी पाहिले आणि मग विचारू लागले, आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, शंभरातून सात गेले किती. मी सगळी उत्तरे दिली आणि म्हटले, "डॉक्टर, बीपीसाठी वजाबाकी लागत नाही. तुम्ही खरे कशासाठी आला आहात?"

त्यांनी मेल्विनकडे पाहिले. मेल्विन मोबाईलमध्ये बघू लागला.

डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, "मला सांगितलं होतं की तुम्हाला काही आठवत नाही." मग तिथेच त्यांनी माझी नीट, तासभर तपासणी केली आणि माझी बुद्धी पूर्ण ठिकाणावर असल्याचा दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे. या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायलाही ते आपणहून तयार झाले आहेत. दगडांशी मी बोलते हे मात्र खरे आहे. मेल्विनपेक्षा ते नीट ऐकतात.

कलम २. दगड कुठले आणि माझ्याकडे का.

हे कलम लांबेल. वकीलबाई गिरिजा भोईर यांनी सुचवले होते की इतके तपशील लागत नाहीत. मला लागतात.

हिंदी महासागराच्या तळाशी डोंगरांची एक लांबच लांब रांग आहे. तिथे जमिनीला भेगा आहेत. समुद्राचे पाणी त्या भेगांतून खाली झिरपते, आतल्या उष्णतेने तापते, खडकातले धातू विरघळवून घेते आणि उसळून परत वर येते. वरच्या थंडगार पाण्याला भिडताच ते धातू थिजतात आणि त्यांची धुरांडी उभी राहतात. तिथे सूर्याचा कणभर प्रकाश पोचत नाही. तरीही त्या धुरांड्यांभोवती गोगलगायी, कोळंब्या आणि डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पाण्यातल्या रसायनांवर जगतात. मी नोकरीची सगळी वर्षे या झऱ्यांच्या शोधात घालवली आणि एक दिवसही वाया गेला असे मला वाटत नाही.

गोव्यातल्या ज्या सरकारी संस्थेत मी होते तिचे नाव इथे घालत नाही, कारण तिथे आता दुसरी, चांगली माणसे आहेत. आमचे प्रमुख होते डॉ. महिपत सरनोबत. झऱ्यांच्या शोधाची पहिली मोहीम ठरली तेव्हा कुठे थांबायचे, कुठे यंत्र सोडायचे, याचा सगळा आराखडा मी केला. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "मिस बोर्जीस, जहाजावर बायकांची सोय नाही." मी म्हटले, "मी उत्तनच्या कोळ्याची मुलगी आहे. मला सोय नको, जागा हवी." जागा मिळाली नाही. मी धक्क्यावर उभी राहिले आणि माझा आराखडा माझ्याशिवाय समुद्रात गेला.

पुढच्या मोहिमेआधी मी दिल्लीला जाऊन खात्याच्या मोठ्या साहेबांच्या दारात बसून राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी परवानगी दिली. मला जहाजावरच्या आजाऱ्यांच्या खोलीत झोपायला दिले. कोणी आजारी पडले तर बाहेर पडायचे, या अटीवर. देवाच्या कृपेने कोणी पडले नाही.

त्या डोंगररांगेवर आम्ही तापमान मोजणारे यंत्र दोरावरून तळापर्यंत सोडत होतो. एका दुपारी, तळापासून थोड्या वर, कागदावरची तापमानाची रेघ किंचित उचलली गेली. अगदी किंचित. सरनोबत म्हणाले, "यंत्राची खोड आहे. पुढच्या ठिकाणी चला."

मी म्हटले, "सर, खोड असती तर वर येताना त्याच खोलीवर परत दिसली नसती. इथेच तळ खरवडून बघू."

"वेळ नाही."

मी सरळ कॅप्टनकडे गेले. सरनोबत मागोमाग आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "मॅडम, हे सरकारचं जहाज आहे. तुमच्या वडिलांची होडी नाही."

"वडिलांची होडी असती, तर एव्हाना जाळं खाली गेलं असतं," मी म्हटले.

कॅप्टन पंजाबी होता. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "डालो जी मॅडम का जाल."

लोखंडी साखळ्यांची जाळी तळ खरवडून वर आली तेव्हा डेकवर सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. सगळे नाक दाबून मागे सरले. मी पुढे गेले. चिखलात एक काळा, जड तुकडा होता. मधोमध नळीसारखे भोक, आतून पितळेसारखा चमकणारा. धुरांड्याचाच तुकडा. मी तो ओढणीत गुंडाळून उराशी धरला आणि ढसाढसा रडले. त्याबद्दल जहाजावर पुढे बरेच विनोद झाले. होऊ देत.

शोधनिबंध छापून आला तेव्हा वर डॉ. सरनोबत यांचे नाव होते, त्यांच्याखाली चार पुरुषांची. माझे नाव शेवटच्या ओळीत, 'जहाजावरील सहकार्याबद्दल आभार' या वाक्यात. मी संस्थेच्या सभेत उभी राहून विचारले, "सहकार्य म्हणजे नेमकं काय केलं मी?" सभेने पुढचा विषय घेतला. बढती मात्र पुढची सात वर्षे अडली. डॉ. सरनोबत आता हयात नाहीत. मरण पावलेल्या माणसाला क्षमा करावी असे आमचे फादर म्हणतात. मी फादरना सांगितले आहे की मी अजून विचार करत आहे.

कलम ३. अभ्यासघर.

माझ्या निवृत्तीच्या सुमारास संस्थेने नमुन्यांचे कोठार पाडून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचे ठरवले. चांगले नमुने दुसरीकडे गेले. उरलेले कुंपणाला लागून बदामाच्या झाडाखाली ओतले होते. त्यांत माझा तुकडाही होता. मी विचारले, यांचे काय करणार? उत्तर मिळाले, बागेत पायवाट करायची आहे, तिला भराव लागेल. मी त्याच दिवशी ते सगळे घेऊन जायची लेखी परवानगी मिळवली आणि लिओनार्डला फोन केला.

माझा भाऊ मासे वाहायचा टेम्पो घेऊन गोव्यापर्यंत आला. ढीग बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ग्रेसी, ह्ये दगड हाय?"

"हो."

"यवढ्या लांब मला दगडांसाठी बोलावलं?"

"हो."

त्याने ढिगाला एक फेरी मारली. मग शर्टाच्या बाह्या दुमडत म्हणाला, "मंग उचल की. बघत काय ऱ्हायलीस?"

असे ते दगड बोंबिलाच्या टोपल्यांतून उत्तनला आले. घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी 'खोलसमुद्र अभ्यासघर' सुरू केले. तिथे दगड आहेत, दगडांचे काचेवर घासलेले पातळ काप आहेत, दोन सूक्ष्मदर्शक, समुद्रतळाचे नकाशे, मोहिमांचे अहवाल, आणि देशोदेशीच्या संस्थांनी मला वेळोवेळी पाठवलेली पुस्तके. जपानी संशोधकांनी पाठवलेल्या चित्रफितीही आहेत, ज्यांत धुरांडी जिवंत, धूर ओकताना दिसतात. मच्छीमार सोसायटीची माणसे त्या बघायला येतात आणि कोळंबीवरून वाद घालतात. ज्याला शिकायचे आहे त्याला इथे फी नाही, ओळखपत्र नाही, शिफारस नाही.

पहिली आली दिव्या सागवेकर. मूळची रत्नागिरीची माणसे, राहायला भाईंदर पूर्वेला, वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. कॉलेजात तिला सांगितले होते की समुद्रविज्ञान वगैरे आपल्यासाठी नसते. ती दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी नुसतं बघितलं तर चालेल का?" मी म्हटले, "नुसतं बघायचं असेल तर चौपाटीवर जा. इथे बसावं लागतं." ती बसली. पदवी होईपर्यंत बसली, पुढे गोव्याला गेली, आणि आता त्या झऱ्यांतल्या जिवाणूंवर संशोधन करते. दोनदा जहाजावरून जाऊन आली. तिला आजाऱ्यांच्या खोलीत झोपावे लागले नाही, हे तिने मला सॅटेलाइट फोनवरून मुद्दाम कळवले.

तेव्हा मी असे ठरवून देते की माझे घर, जमिनीसह, आणि बँकेतल्या सर्व ठेवी अभ्यासघराच्या नोंदणीकृत न्यासाकडे जातील. हे घर वडिलांनी हयातीत वाटणी करून माझ्या नावे केले आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही. डॉ. दिव्या सागवेकर न्यासाची प्रमुख राहील आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करेल. घर विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, पाडून टॉवर बांधून त्यात 'एक मजला अभ्यासघराला' असली तडजोड करता येणार नाही. तो प्रस्ताव मी ऐकला आहे. त्यात दगडांची जागा पार्किंगशेजारी होती.

त्या पहिल्या तुकड्याखाली एक पाटी आहे: 'हा दगड ग्रेसी बोर्जीस यांनी वर आणवला.' ती कोणीही, कुठल्याही सौजन्याखातर, काढायची नाही.

कलम ४. खाणवाल्यांबाबत.

धुरांड्यांत तांबे, जस्त, थोडे सोनेही असते. त्यामुळे अलीकडे सुटाबुटातली माणसे येऊ लागली आहेत. एका कंपनीने माझे सगळे नकाशे आणि नमुने घेऊन काचेच्या इमारतीत ठेवायची तयारी दाखवली. मी विचारले, भाईंदरची मुलगी दुपारी उठून तिथे आली तर तिला आत सोडाल का? ते म्हणाले, अपॉइंटमेंट घ्यावी लागेल. मी त्यांना चहा दिला आणि दार दाखवले. तळावर काय जगते हे पुरते कळण्याआधी तळ उकरू नये, असे माझे मत आहे. माझ्या संग्रहातली एकही वस्तू अशा कामासाठी विकू नये किंवा भाड्याने देऊ नये. अभ्यासाला मात्र सर्वांना मोकळीक आहे, त्यांनाही. टेबलाशी बसा आणि वाचा.

अभ्यासघर चालवणे कधी अशक्यच झाले, तर संग्रह अशा संस्थेला द्यावा जिथे बायका जहाजावर जातात आणि दगड भरावात जात नाहीत.

कलम ५. मेल्विनबाबत.

मेल्विन लहान असताना माझ्या खांद्यावर बसून नकाशातला समुद्र बोटाने पोहत पार करायचा. त्याला काहीच द्यायचे नाही असे मी रागात लिहिले होते, ते फाडले. त्याला माझी दुर्बीण द्यावी. तसेच अभ्यासघरात यायचा हक्क त्याला इतर कोणाइतकाच आहे, चप्पल बाहेर काढून. या मृत्युपत्राला त्याने कोर्टात आव्हान दिले तर दुर्बीणही मिळणार नाही.

कलम ६. माझ्या दफनाबाबत.

मला गावच्या चर्चच्या दफनभूमीत आईवडिलांजवळ ठेवावे. भाषणे करू नयेत. केलीच, तर 'कोळ्याची मुलगी असूनही' असे वाक्य उच्चारणाऱ्याला तिथल्या तिथे खाली बसवावे. मी कोळ्याची मुलगी होते म्हणूनच समुद्राच्या तळाशी काय आहे हे विचारत होते.

कलम ७. लिओनार्डबाबत, आणि यातील खाडाखोड.

या जागी, माझ्या भावाला वरच्या मजल्यावर मरेपर्यंत राहायचा हक्क आणि दर महिन्याला ठेवींच्या व्याजातला वाटा, असे मी लिहिले होते. काल वकीलबाईंनी मसुदा आम्हा दोघांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, दुसरा साक्षीदार अजून ठरलेला नाही, पण तो गावातला, घर ओळखणारा असेल तर बरे. आणि ज्याला या मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याला मिळणारे रद्द होते.

लिओनार्डने विचारले, "म्हंजे साक्षीदाराला कायच मिलत न्हाय?"

"नाही, काका."

"आन उद्या कोर्टात कोन बोलला का बहिनीचं डोकं ठिकान्यावर न्हवतं, तर साक्षीदाराला उभं ऱ्हावं लागंल?"

"हो. शपथेवर सांगावं लागेल."

"समोर मेल्विन असला तरी?"

वकीलबाईंनी मान डोलावली. मी म्हटले, "लिओ, तो तुझा मुलगा आहे. तू यात पडू नकोस. वरची खोली घे."

तो म्हणाला, "वरची खोली तूच ठेव, पोरांना बसायला. माजं नाव वरनं काढ आन खाली टाक."

मी त्याच्याशी सबंध संध्याकाळ भांडले. हा माणूस माझे कधीच ऐकत नाही. म्हणून या कलमातला त्याच्या हक्काचा मजकूर मी माझ्या हाताने, त्याच्या समोर, खोडला आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला कळला, आणि पटला. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली आणि माझ्या समोर त्यांनी केली.

ग्रेसी मनवेल बोर्जीस
(सही)

साक्षीदार:

१. डॉ. अनिश वैती, भाईंदर पूर्व
(सही)

२. लिओनार्ड मनवेल बोर्जीस, मच्छीमार, उत्तन. मृत्युपत्र करणारीचा सख्खा भाऊ. या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.
(सही)

स्थळ: खोलसमुद्र अभ्यासघर, उत्तन
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५